धर्म बाजूला ठेवून रमाबाई कशा कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१४ च्या ११ मार्चला केडगावच्या पंडिता रमाबाई मुक्ती मिशनला सव्वाशे वर्षं पूर्ण झाली. १८८९ साली याच तारखेला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं आणि पुढे त्यातूनच केडगावची मुक्ती उभी राहिली. आपल्या दैनिकाने या निमित्ताने मोठा लेख छापला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. लेख कळकळीने लिहिलेला आहे. पण त्यात एक सूर असा आहे, की रमाबाईंचं धर्मांतर बाजूला ठेवलं तर त्यांचं काम थोरच होतं. हाच सूर मी जन्मभर भाषणांतून, स्मरणिकांतून, शिक्षकांच्या शिबिरांतून ऐकत आले. बोलणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. आता वय चौऱ्याहत्तर आहे, आणखी किती थांबायचं?

मी दौंड तालुक्यातली, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ख्रिस्ती. माझ्या आईची आई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आली, तेव्हा ती सात-आठ वर्षांची असावी. गावाचं नाव तिला सांगता येत नसे. जवळून मोठी नदी वाहायची आणि बाप बैल विकून आला त्या रात्री रडला होता, एवढंच तिला आठवे. तेव्हा रमाबाई माझ्यासाठी पुस्तकातल्या बाई नाहीत. त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या नसत्या, तर मी हे पत्र लिहायला नसते.

धर्म बाजूला ठेवू म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या कशामुळे? १८८३ साली त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी लंडनला फुलहम भागात एक आश्रम चालवत. ज्या बायकांना समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलं होतं, त्यांच्यासाठी तो होता. रमाबाईंनी तिथे पाहिलं, की या बायकांना कुणी हिडीसफिडीस करत नाही, त्यांना माणसासारखं वागवतात, आणि त्यांच्यातल्याच काही सावरून दुसरीची सेवा करू लागल्या आहेत. आपल्याकडे त्यांनी असं कुठे पाहिलं नव्हतं. आपल्या धर्मशास्त्रात अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. हे सगळं त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे.

तो अध्याय शोमरोनी बाईचा. येशू दमून विहिरीपाशी बसला आहे. भर दुपारी एक बाई पाणी भरायला येते. तो तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. तिचं पूर्वायुष्यही असं, की भल्या घरच्या माणसाने तिच्याशी बोलू नये. तरी तो बोलतो आणि धर्मातली मोठ्यात मोठी गोष्ट तो तिलाच सांगतो.

महाराष्ट्रात विहीर, पाणी आणि कुणी कुणाच्या हातचं प्यायचं यावर काही समजावून सांगायची गरज नाही. मी नोकरीला लागले त्या शाळेत पाण्याचा रांजण होता आणि काही पोरांनी त्याला हात लावायचा नाही, वरून ओंजळीत ओतून घ्यायचं, अशी रीत होती. रांजणावर एक पितळी डोयी अडकवलेली असायची, लांब दांड्याची. ती मोठ्या घरच्या मुलाच्याच हातात असे. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्यांदा मी काही केलं असेल, तर ती डोयी चौथीतल्या एका मुलीच्या हातात दिली, जिने तोवर फक्त ओंजळ पुढे केली होती. दुसऱ्या दिवशी चार पालक दारात. मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली. माझ्या जागी दुसरं कुणी, दुसऱ्या धर्माचं किंवा धर्म न मानणारं, असतं तरी त्यानेही हेच केलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण मी केलं ते चौथ्या अध्यायामुळे. तो अध्याय मला आजीने शिकवला आणि आजीला मुक्तीत.

म्हणून म्हणते, रमाबाईंच्या बाबतीत आधी श्रद्धा आणि मग समाजकार्य, किंवा श्रद्धा एकीकडे आणि समाजकार्य दुसरीकडे, असं नव्हतंच. टाकलेल्या बायकांना कुणीतरी न्याय दिलेला त्यांनी पाहिला, त्याचं मूळ शोधत त्या ख्रिस्तापाशी पोहोचल्या आणि पुढे केडगावला त्यांनी कृपासदन काढलं, ते फुलहमला पाहिलेल्यासारखंच, अशाच बायकांसाठी. यातला मधला दुवा काढून टाकला तर कृपासदन कुठून आलं याचं उत्तर देता येत नाही.

दुसरं असं, की त्यांनी घेतलेला धर्म कुणाकडून आयता घेतला नव्हता. १८८३ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा झाला आणि लगेच वादाला सुरुवात झाली. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा वर्षानुवर्षं चाललेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे, जिज्ञासूंनी तो जरूर वाचावा. चर्च सांगतं म्हणून एखादं तत्त्व मानायला त्या तयार नव्हत्या. इथल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती आता तशाच दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी साफ कळवलं. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी खरमरीत उत्तर दिलं. पंचविशीतली विधवा, पदरी लहान मूल, परक्या देशात आणि त्याच लोकांच्या आश्रयाला राहून हे लिहीत होती. ज्यांना वाटतं की बाई गोऱ्यांच्या नादी लागल्या, त्यांनी ही पत्रं वाचल्यावर पुन्हा बोलावं. पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी छावणीत बायकांची काय दशा होते हे जाहीरपणे लिहिणाऱ्यांतही त्या होत्याच. १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन'मध्ये त्यांचं पत्र आलं आणि सरकारला त्याचा इन्कार करत बसावं लागलं.

शारदा सदनाबद्दल लेखात दोनच ओळी आहेत, म्हणून थोडं लिहिते. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही अशी अट होती आणि ती रमाबाईंनी पाळली. मुलींना आपापले आचार, खाण्यापिण्याचे नियम पाळायची मोकळीक होती. गोदूबाई नावाची बालविधवा तिथली सुरुवातीची विद्यार्थिनी. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तीही तारीख ११ मार्चच. (आनंदीबाई जोशींच्या ज्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या होत्या, तोही १८८६ सालच्या ११ मार्चचा. या तारखेला तीन बायकांच्या आयुष्याचं काही ना काही घडलं आहे, ते कॅलेंडरवाल्यांनी कधी तरी छापावं.) तर अडचण कशाची झाली? रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या पालकांना मी दोष देत नाही. विधवा मुलगी शिकायला पाठवणं हेच त्या काळी धारिष्ट्याचं होतं. पण त्या दाराचा विचार मी पुष्कळदा करते. दार लावून घेणं सोपं होतं. पैसे चालू राहिले असते, सल्लागार राहिले असते, आणि आजच्या स्मरणिका लिहिणाऱ्यांचीही सोय झाली असती. जी गोष्ट आपल्याला तगवते ती लपवून मुलींसमोर उभं राहायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पुढे दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात उपासमारीने गेलेले, त्या वेळी त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. १८९६-९७ ला मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा त्या निघाल्याच. सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवायला मनाई झाली, म्हणून केडगावच्या माळावर आणल्या. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबेल तेव्हा स्वतःचं उत्पन्न असावं, म्हणून रमाबाईंनी ती जमीन आधीच घेऊन फळझाडं लावली होती. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार जिवांना दोन वेळा जेवू घालायचं, ठरलेलं उत्पन्न नाही, हातात आहे तेवढं संपलं की गुडघे टेकायचे. ज्यांचा प्रार्थनेवर विश्वास नाही त्यांनी तो ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण बाई रोज कशाच्या आधारावर उठत होत्या हे सांगताना ती गोष्ट गाळायची कशी?

आता एक प्रश्न, जो मला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या नातवाने विचारला आणि आपले वाचकही विचारतील. भुकेल्या पोरांना आणून ख्रिस्ती केलं, त्यांना निवड कुठे होती? प्रश्न योग्य आहे. सात वर्षांच्या मुलीला निवड नसते. आजीला मी हे विचारलं होतं, मी डी.एड. करत होते तेव्हा, जरा तावातावानेच. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आमच्यातल्या कितीतरी वाटेतच गेल्या गं. तू त्यांचं विचार की." मग थोड्या वेळाने म्हणाली, मोठी झाल्यावर मला कुणी बांधून नव्हतं ठेवलं, जाणाऱ्या गेल्याही, मी राहिले ते मला राहावंसं वाटलं म्हणून. एवढ्याने त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर होतं असं मी म्हणत नाही. दोन हजारजणींतली ही एकीची साक्ष आहे, तेवढीच तिची किंमत धरावी. मात्र तो प्रश्न विचारणाऱ्याने त्या मुलींच्या तोंडून काही ऐकायचा प्रयत्नही करावा. सगळी चर्चा रमाबाईंबद्दल होते, बाजूचीही आणि विरोधातलीही. ज्या वाचल्या त्यांना कुणी विचारत नाही.

त्या काय करत होत्या ते सांगते. मुक्तीत प्रत्येकीला हाताला काम शिकवत: विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, शेती. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत, त्या ती लिपी अमेरिकेहून शिकून आल्या होत्या. आणि छापखाना, तो सगळा बायकांनी चालवलेला. माझी आजी तिथे जुळारी होती. खिळे जुळवायचं तिचं काम. लग्न झालं तरी ती छापखान्यात जात राहिली. केसमधल्या कुठल्या खणात कुठलं अक्षर आहे हे तिच्या बोटांना ठाऊक असे, बघावं लागत नसे. काना, वेलांटी, रफार यांचे खिळे वेगळे. रफाराचा खिळा बारीक, तो हमखास निसटायचा, म्हणून ती तो अंगठ्याने दाबून धरत असे. त्या अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला होता, म्हातारपणीही तो हाताला लागायचा. अक्षरं उलटी असतात ना, त्यामुळे तिला मजकूर उलटा वाचायची इतकी सवय, की आम्ही समोर बसून अभ्यास करत असू तर ती पलीकडून आमच्या चुका काढायची.

त्या खिळ्यांतून जे छापलं गेलं ते रमाबाईंचं मराठी बायबल. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाई, पन्नाशीच्या घरात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि कशासाठी? तर खेड्यातल्या, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत शास्त्र आणायचं म्हणून. जन्मभर मिळवलेलं संस्कृत बाजूला सारून त्या सोपी मराठी शोधत बसल्या. वयाच्या विशीत कलकत्त्याच्या पंडितांपुढे ज्यांनी संस्कृतात भाषण केलं, त्यांनी शेवटी आपली सगळी विद्या माझ्या आजीसारखीच्या हवाली केली, अक्षरशः तिच्या बोटांत दिली. ज्ञान कुणाचं, या प्रश्नावर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात याचा उल्लेख मला क्वचितच सापडतो. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलती मुलगी, सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा ती. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं पुरी करण्याएवढे दिवस त्यांनी देवाजवळ मागून घेतले होते, असं केडगावात अजून सांगतात. आजीही तसंच सांगायची. सबंध बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ साली.

मग हे काम सामाजिक म्हणायचं की धार्मिक? अनाथ दुष्काळी मुलीच्या हाताला कसब मिळालं, मजुरी मिळाली, तिला वाचता आलं, तिची मुलगी नर्स झाली, नात शिक्षिका झाली. आणि जे तिने जुळवलं ते पवित्र शास्त्र होतं. आपण फुल्यांच्या सार्वजनिक सत्यधर्मातला धर्म वेगळा काढून जोतीराव सांगतो का? तुकोबांचा विठोबा काढून तुकोबा सांगतो का? विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते हे लपवून कुणी त्यांचं अस्पृश्यता-निवारण सांगत नाही. रमाबाईंच्या वेळीच 'तेवढं सोडून' का?

याचं कारण मला ठाऊक आहे आणि आपल्यालाही असेल. मराठी ख्रिस्ती माणूस अजून पुष्कळांना पाहुणा वाटतो. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हे मला पस्तीस वर्षं प्रत्येक नव्या शाळेत विचारलं गेलं. "मराठी छान बोलता हं तुम्ही," असं मराठीच्या शिक्षिकेला म्हणणारे अधिकारीही भेटले. नाताळात आमच्याकडे करंज्या आणि अनारसे होतात, उपासनेत अभंग होतात, आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या नऊवारीतच देवळात येतात. स्वतः रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या, साधं लुगडं नेसल्या. त्यांना थोर म्हणताना त्यांच्या धर्माबद्दल जणू माफी मागितली जाते, तेव्हा आमच्या घरातल्या मुलांना कळतं की आपल्यातही बाजूला ठेवण्यासारखं काहीतरी आहे. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

केडगावला मुक्ती आजही चालू आहे. निराधार बायका, मुली, अंध बायका तिथे राहतात, शाळा आहे, दवाखाना आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारे आपले वाचक रोज त्या स्टेशनावरून जातात. एकदा तिथे उतरून, रीतसर परवानगी घेऊन, जाऊन यावं.

आणि आपल्याला एक विनंती. शताब्दीच्या वर्षी, १९८९ साली, टपाल खात्याने रमाबाईंचं तिकीट काढलं होतं, तेव्हाही लिहिलं गेलं ते त्यांच्याचबद्दल. या वेळी आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा मुक्तीत वाढलेल्या एकेका बाईची हकीकत छापावी. दौंड, पुणे, नगर, गुलबर्गा या भागांत अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे कुणाची आजी, कुणाची पणजी तिथून आली. आता सांगणारी पिढी आमचीच, शेवटची. ज्यांना मुक्तीत राहून कटू अनुभव आले, त्यांचीही हकीकत छापावी, तीही त्या संस्थेची गोष्ट आहे. फक्त त्यांनी धर्माबद्दल जे सांगितलं असेल ते कापू नये. माझ्या आजीची हकीकत मी वहीत लिहून काढली आहे, चाळीस-एक पानं होतील. आपण कळवलंत तर झेरॉक्स काढून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दौंड, जि. पुणे